डीएसएलआर घ्यावा की खिशातला कॅमेरा?

मोसंबीची बाग चांगल्या भावाने गेली, घरात लग्न ठरले किंवा पोराने पक्षी पाहण्याचा नाद लावून घेतला, की कॅमेऱ्याचा विषय निघतो. दुकानात गेल्यावर समोर दोन वस्तू येतात. एक गळ्यात अडकवायचा काळा डीएसएलआर, सोबत १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स. दुसरा शर्टाच्या खिशात मावणारा कॉम्पॅक्ट. दोन्हींच्या खोक्यावर मेगापिक्सेलचा आकडा जवळपास सारखाच असतो, वीस नाहीतर चोवीस. मग फरक नेमका कशात आहे, आणि जालना, अंबड, भोकरदन, मंठा अशा आपल्या भागात राहणाऱ्या माणसाला त्यातला कोणता उपयोगी पडेल, हे शांतपणे समजून घेऊ. थोडा हिशेब करावा लागेल, पण तो एकदा केला की दुकानदाराच्या सल्ल्यावर विसंबावे लागणार नाही.

आत काय घडते

डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला उजेड आधी ४५ अंशांत बसवलेल्या एका आरशावर पडतो. आरसा तो वर पाठवतो, वरच्या आरशांच्या रचनेत चित्र सुलटे होते आणि आपण डोळा लावतो त्या व्ह्यूफाइंडरमध्ये दिसते. म्हणजे आपण प्रत्यक्ष लेन्समधूनच पाहत असतो. बटण दाबले की आरसा वर उचलला जातो, त्यामागचे शटर उघडते, उजेड सेन्सरवर पडतो, शटर मिटते आणि आरसा खाली येतो. 'खटाक्' असा जो आवाज येतो तो या हालचालींचा.

कॉम्पॅक्टमध्ये आरसा नसतो. लेन्समधला उजेड सतत सेन्सरवरच पडत असतो आणि सेन्सरला दिसणारे चित्र मागच्या पडद्यावर उमटते. आरशाची जागा वाचते, म्हणून कॅमेरा चपटा होतो. लेन्स बॉडीलाच जोडलेली असते, कॅमेरा बंद केला की ती आत मिटते.

या रचनेतून दोन व्यावहारिक फरक निघतात. पहिला पाहण्याचा. मे महिन्यात दुपारी बाराच्या उन्हात कॉम्पॅक्टचा पडदा जवळपास दिसेनासा होतो, फोटोत काय आले आणि काय सुटले ते कळत नाही. व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की ही अडचण राहत नाही. दुसरा फरक फोकसचा. डीएसएलआरमध्ये उजेडाचा काही भाग खाली बसवलेल्या वेगळ्या फोकस सेन्सरकडे जातो. तो लेन्सच्या दोन बाजूंनी आलेली चित्रे ताडून पाहतो आणि लेन्स कोणत्या दिशेला, किती सरकवायची हे एका फटक्यात ठरवतो. साधा कॉम्पॅक्ट लेन्स पुढेमागे करत चित्र कुठे जास्त रेखीव होते ते शोधत बसतो. थांबलेल्या वस्तूसाठी हे चालते. अंतरपाट दूर होऊन अक्षता पडण्याचा क्षण मात्र एवढी वाट पाहत नाही. काही महागड्या कॉम्पॅक्टमध्ये सेन्सरवरच जलद फोकसची सोय असते, तो अपवाद धरा.

मेगापिक्सेल सोडा, सेन्सर मोजा

चांगला ४ बाय ६ इंची फोटो छापायला सुमारे २ मेगापिक्सेल पुरतात. इंचाला ३०० ठिपके धरले तर १२०० गुणिले १८०० म्हणजे २१ लाख ६० हजार ठिपके होतात. ८ बाय १२ इंची फोटोलाही साडेआठ-पावणेनऊ मेगापिक्सेल लागतात. म्हणजे वीस आणि चोवीस यांतल्या फरकाने घरच्या अल्बमला काहीही फरक पडत नाही.

खरा फरक सेन्सरच्या क्षेत्रफळाचा आहे. निकॉन डी३५०० या २०१८ साली आलेल्या सुरुवातीच्या डीएसएलआरचा सेन्सर २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा आहे, म्हणजे सुमारे ३६७ चौरस मिलिमीटर. कॅननच्या १५००डीचा थोडा लहान, सुमारे ३३० चौरस मिलिमीटर. बहुतेक स्वस्त कॉम्पॅक्टमध्ये आणि लांब झूमच्या कॉम्पॅक्टमध्ये असतो तो सेन्सर ६.१७ बाय ४.५५ मिलिमीटरचा, म्हणजे जेमतेम २८ चौरस मिलिमीटर. निकॉनच्या तुलनेत तेरावा हिस्सा.

मधली एक पायरीही आहे. 'एक इंची' म्हणून ओळखला जाणारा सेन्सर प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, म्हणजे सुमारे ११६ चौरस मिलिमीटरचा असतो. २०१२ साली सोनीने आरएक्स१०० या २४० ग्रॅमच्या कॅमेऱ्यात तो बसवला आणि खिशातल्या कॅमेऱ्याची पत एकदम वाढली. कॅननचे जी७ एक्स मालिकेतले कॅमेरेही याच वर्गातले.

क्षेत्रफळाला एवढे महत्त्व का? फोटो उजेडाने बनतो आणि उजेड कमी मिळाला की त्यातला नैसर्गिक चढउतार ठळक होतो. तोच आपल्याला दाणेदार, कचकचीत फोटोच्या रूपात दिसतो. लेन्सचे तोंड आणि शटरचा वेळ सारखा असेल तर तेरापट मोठ्या सेन्सरवर एकूण उजेडही तेरापट पडतो. भर दुपारी शेतात उजेड मुबलक असतो, म्हणून लहान सेन्सरचा फोटोही छान दिसतो. दिवस मावळला की फरक उघडा पडतो.

लेन्सचे तोंड: निवडीची खरी किल्ली

आता लेन्सकडे या. तिच्यावर एफ/१.८, एफ/३.५, एफ/५.६ असे आकडे असतात. आकडा लहान तितके तोंड मोठे. उजेड या आकड्याच्या वर्गाच्या उलट प्रमाणात बदलतो. ५.६ चा वर्ग ३१.३६ आणि १.८ चा वर्ग ३.२४, म्हणजे एफ/१.८ ला एफ/५.६ पेक्षा जवळपास दहापट उजेड आत येतो.

किट लेन्सचे तोंड रुंद टोकाला एफ/३.५ आणि झूम केल्यावर एफ/५.६ असते. याउलट एक इंची सेन्सरच्या कॉम्पॅक्टमध्ये रुंद टोकाला एफ/१.८ मिळते. एफ/३.५ पेक्षा ते पावणेचारपट उजेड घेते. सेन्सर मात्र डीएसएलआरच्या सव्वातीनपट लहान. दोन्ही आकडे समोरासमोर ठेवले तर रुंद टोकाला खिशातला कॅमेरा किट लेन्स लावलेल्या डीएसएलआरच्या बरोबरीने, किंबहुना किंचित पुढे राहतो. कॅनन जी७ एक्स मार्क ३ सारख्या कॅमेऱ्यात झूमच्या दुसऱ्या टोकालाही एफ/२.८ असल्यामुळे तिथेही तो मागे पडत नाही.

ही गोष्ट दुकानात सहसा सांगितली जात नाही, म्हणून ती इथे स्पष्टपणे मांडतो. डीएसएलआर घेऊन कायम किट लेन्सवरच राहणार असाल, तर मोठ्या सेन्सरसाठी मोजलेल्या पैशांतला बराचसा भाग वाया जातो. डीएसएलआरचे बळ लेन्स बदलण्यात आहे. त्याला ५० मिलिमीटर एफ/१.८ ची छोटी लेन्स लावली की तोच कॅमेरा वेगळा होतो.

आता आपल्या भागातल्या चार प्रसंगांवर हे सगळे लावून पाहू.

लग्नाचा हॉल आणि संध्याकाळचा मांडव

लग्नाच्या हॉलमधला साधारण उजेड धरा. किट लेन्स झूम करून एफ/५.६ वर आयएसओ (सेन्सरची उजेडाबाबतची संवेदनशीलता) १०० ठेवला तर योग्य फोटोसाठी शटर सुमारे पाव सेकंद उघडे ठेवावे लागते. एवढ्या वेळात हळद लावणारा हात पुसट होतो. हात थिजवायचा तर शटर १/१२५ सेकंदाच्या आसपास हवे आणि त्यासाठी आयएसओ ३२०० पर्यंत चढवावा लागतो. डीएसएलआर हे झेपवतो, फोटो थोडा दाणेदार पण वापरण्याजोगा येतो. २८ चौरस मिलिमीटरच्या सेन्सरला इतका ताण सोसत नाही. नवरीच्या शालूवरची जर आणि चेहऱ्याची त्वचा सारवल्यासारखी होते.

५० मिलिमीटर एफ/१.८ लावली तर तोच फोटो आयएसओ ३२० च्या आसपास निघतो आणि मागची गर्दी छान धूसर होऊन नवरा-नवरीच उठून दिसतात. घरातली लग्ने, बारशी, मुलांची स्नेहसंमेलने हा तुमचा मुख्य विषय असेल तर डीएसएलआर अधिक ५० मिलिमीटर ही जोडी घ्या. पुढे फ्लॅशची गरज भासली तर बॉडीला चालणारा बाहेरचा फ्लॅशही लावता येतो. तो छताकडे वळवून मारला की उजेड मऊ होतो.

राजूरच्या गणपतीला अंगारकीची गर्दी किंवा अंबडच्या मत्स्योदरी देवीचा नवरात्रोत्सव यांचा विचार थोडा वेगळा. तिथे रात्रीचा उजेड कमी, पण जागाही कमी. रेटारेटीत मोठा कॅमेरा सांभाळणे अवघड जाते. देवस्थानाची परवानगी असेल तिथे एफ/१.८ चा एक इंची कॉम्पॅक्ट हाताशी असलेला बरा.

पाण्यावरचे पक्षी

जालन्याच्या दक्षिणेला गोदावरी आणि शेजारी पैठणचा नाथसागर. जायकवाडी पक्षी अभयारण्यात हिवाळ्यात स्थलांतरित बदके, पट्टकदंब, रोहित पाहायला पक्षिमित्र जातात. इथे प्रश्न अंतराचा असतो.

सव्वा मीटरपेक्षा थोडा उंच, समजा १.३ मीटरचा रोहित शंभर मीटरवर उभा आहे. किट लेन्सच्या ५५ मिलिमीटरवर त्याची सेन्सरवरची उंची ०.७ मिलिमीटर भरते. चार हजार ठिपक्यांच्या उभ्या चौकटीत पक्ष्याच्या वाट्याला दोनशेहूनही कमी ठिपके येतात. तो फोटो पक्ष्याचा म्हणता येणार नाही, पाण्याचाच म्हणावा लागेल. ३०० मिलिमीटरची लेन्स लावली तर उंची ३.९ मिलिमीटर होते, म्हणजे हजार ठिपके. हा फोटो छापता येतो.

आता कॅनन पॉवरशॉट एसएक्स७४० एचएस हा ४० पट झूमचा, सुमारे ३०० ग्रॅमचा खिशातला कॅमेरा घ्या. त्याची लेन्स प्रत्यक्षात १७२ मिलिमीटरपर्यंतच जाते, पण सेन्सर इतका लहान आहे की तोच रोहित अर्धी चौकट व्यापतो. ठिपके मोजले तर सुमारे एकोणीसशे. डीएसएलआरच्या ३०० मिलिमीटरपेक्षा जवळजवळ दुप्पट.

मात्र या लांबीला लेन्सचे तोंड एफ/६.९ इतके अरुंद होते. सकाळी दहाच्या उजेडात स्थिर उभ्या पक्ष्याचा फोटो चांगला येतो. पहाटेच्या धुक्यात तो दाणेदार होतो. थवा उडाला की पडद्यावर पक्षी शोधेपर्यंत तो निघून गेलेला असतो. म्हणून पक्ष्यांची ओळख पटवण्यासाठी, नोंदीसाठी फोटो हवा असेल तर लांब झूमचा कॉम्पॅक्ट उत्तम. उडत्या पक्ष्याचा फोटो काढायचा ध्यास असेल तर डीएसएलआर आणि ७०-३०० ची लेन्स, दोन्हींचे पैसे एकत्र जमवूनच खरेदीला निघा.

कपाशीचे बोंड आणि मोसंबीचे पान

जालना हा बियाण्यांचा जिल्हा. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको ही बियाणे कंपनी सुरू केली. बदनापूरच्या संशोधन केंद्रातून तुरीचे वाण बाहेर पडले, खरपुडीला कृषी विज्ञान केंद्र आहे. कपाशीच्या बोंडातली गुलाबी अळी, मोसंबीच्या पानावरची कीड, बीजोत्पादनाच्या प्लॉटमधले फूल यांचा स्पष्ट फोटो तज्ज्ञाला दाखवता आला तर सल्लाही नेमका मिळतो.

या कामात लहान सेन्सरची एरवीची उणीव उपयोगाची ठरते. लहान सेन्सरच्या फोटोत जवळची आणि थोडी मागची अशी दोन्ही अंतरे एकाच वेळी स्पष्ट राहतात. अळीचे डोके आणि शेपूट दोन्ही रेखीव दिसतात. एसएक्स७४० सारखा कॅमेरा रुंद टोकाला एक सेंटिमीटरपर्यंत जवळ जाऊ शकतो. किट लेन्सला किमान २५ सेंटिमीटर अंतर लागते, आणि एवढ्या जवळून तिची स्पष्टतेची पट्टी अगदी अरुंद होते. अळी टिपताना सावली पडणार नाही अशा बाजूने या आणि आकार कळावा म्हणून शेजारी नाणे किंवा पट्टी ठेवा.

शेतावर रोज नेता येईल, पिशवीत, सदऱ्याच्या खिशात राहील असा कॅमेरा हवा असेल तर कॉम्पॅक्टच घ्या. फक्त कीडरोगाचेच फोटो काढायचे असतील तर हातातला बरा फोनही पुरतो, वेगळा खर्च करू नका.

लेणी आणि लोणार

भोकरदनहून अजिंठा फार लांब नाही. लेण्यांतल्या चित्रांजवळ फ्लॅशला बंदी आहे, ती पाळलीच पाहिजे. तिवईसाठी परवानगी लागते. म्हणजे मंद उजेडात हातानेच फोटो काढायचा. चित्रे हलत नाहीत, त्यामुळे शटर १/१५ सेकंदापर्यंत हळू चालते. हाताचा कंप आवरणारी सोय कॅमेऱ्यात किंवा लेन्समध्ये आहे का, एवढे पाहून घ्या. किट लेन्सचा डीएसएलआर आणि एक इंची कॉम्पॅक्ट इथे सारखेच काम करतात. लहान सेन्सरचा कॉम्पॅक्ट मागे पडतो.

मंठ्याहून लोणारला गेलात तर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर एका चौकटीत बसवायला रुंद लेन्स लागते. किट लेन्सचे १८ मिलिमीटर हे जुन्या फिल्मच्या मापाने २७ ते २९ मिलिमीटर भरते. बऱ्याच कॉम्पॅक्टची सुरुवात २४ पासून होते, म्हणजे तिथे खिशातला कॅमेरा थोडे जास्त सामावून घेतो.

वजन, बॅटरी, धूळ

डी३५०० बॅटरीसह ४१५ ग्रॅमचा. किट लेन्ससह सव्वासहाशे ग्रॅम, लांब लेन्ससह किलोभर. एसएक्स७४० किट लेन्स लावलेल्या डी३५०० च्या निम्म्याहून कमी. बॅटरीत मात्र उलट आहे. पडदा सतत चालू ठेवावा लागत नसल्याने डी३५०० एका चार्जमध्ये प्रमाणित चाचणीनुसार १५५० फोटो काढतो, १५००डी सुमारे ५००, एसएक्स७४० २६५. कॉम्पॅक्ट घेतलात तर जास्तीची बॅटरी त्याच दिवशी घ्या.

धूळ हा आपल्याकडचा मोठा शत्रू. डीएसएलआरची लेन्स बदलताना आत गेलेली धूळ सेन्सरवर बसते, पण ती साफ करता येते. कॉम्पॅक्टची पुढेमागे होणारी नळी धूळ आत ओढते आणि एकदा ती अडकली की दुरुस्ती महाग पडते. धुळवडीला जालन्याच्या हत्ती रिसाला मिरवणुकीत रंग उडत असताना कोणताही कॅमेरा उघडा नेऊ नका. पारदर्शक पिशवीत गुंडाळून लेन्सपुरती जागा मोकळी ठेवा. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत तो सोडू नका. पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, नाहीतर लेन्सला बुरशी धरते.

खरेदी करताना

नव्या डीएसएलआरची निवड आता आटली आहे. निकॉनने डी३५०० चे उत्पादन थांबवले, कंपन्यांचा भर आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांवर आहे. मिररलेसचा सेन्सर तेवढाच मोठा आणि बॉडी हलकी, पण सगळ्या संचाची किंमत जास्त. त्यामुळे सुरुवात करणाऱ्यासाठी जुना, चांगला सांभाळलेला डीएसएलआर हा आजही परवडणारा मार्ग आहे.

जुना घेताना चार गोष्टी पाहा. शटर किती वेळा उडाले तो आकडा विचारा. या वर्गात साधारण एक लाख ही वयाची खूण मानतात. लेन्स उजेडासमोर धरून आत जाळीसारखी बुरशी आहे का बघा. एफ/१६ वर मोकळ्या आकाशाचा फोटो काढा, सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांत दिसेल. मूळ बिलावरचा आणि बॉडीखालचा क्रमांक जुळतो का ते तपासा. निकॉनच्या सुरुवातीच्या बॉडीत फोकसची मोटर नसते, म्हणून जुनी 'एएफ-डी' ५० मिलिमीटर लेन्स तिच्यावर आपोआप फोकस करत नाही. 'एएफ-एस' प्रकारची मागा.

किंमत विचारताना नेहमी सगळ्या संचाची विचारा: बॉडी, किट लेन्स, दुसरी लेन्स, कार्ड, पिशवी, जास्तीची बॅटरी. एक इंची कॉम्पॅक्ट पाहिल्यावर महाग वाटतो, पण या पूर्ण बेरजेसमोर ठेवला की तुलना बरोबरीची होते.

निवाडा

लग्ने, कार्यक्रम, पळती मुले, उडते पक्षी आणि पुढे छायाचित्रणातून चार पैसे मिळवायचा विचार असेल तर डीएसएलआर घ्या, पण दुसऱ्या लेन्सचे पैसे बाजूला ठेवूनच. प्रवास, घर, लेणी, जत्रा यांसाठी एक इंची सेन्सरचा कॉम्पॅक्ट घ्या. लांबचे स्थिर पक्षी आणि शेतातल्या नोंदींसाठी लांब झूमचा कॉम्पॅक्ट पुरेसा आहे. लहान सेन्सरचा, थोड्याच झूमचा स्वस्त कॉम्पॅक्ट मात्र आता घेऊ नका, कारण तुमचा फोन ते काम तितकेच चांगले करतो.

पैसे देण्याआधी एक करा. गेल्या वर्षभरात फोनवर काढलेले फोटो चाळा आणि त्यांतले किती अंधारात होते, किती लांबचे होते, किती हलत्या माणसांचे होते ते मोजा. ज्या ढिगात जास्त फोटो पडतील, त्या कामाचा कॅमेरा घ्या.